वरची खोली

आप्पा गेल्यानंतर तिसऱ्या महिन्यात मी यादी करायला घेतली. मे सुरू झाला होता, पावसाला महिनाभर अवकाश होता.

आमचं घर शाहूपुरीत, कुंभार गल्लीच्या तोंडाशी आहे. खाली आप्पांचं बारदान-सुतळीचं दुकान आणि मागं स्वयंपाकघर, वर दोन खोल्या. घराच्या पाठीमागून नाला जातो. पंचगंगा फुगली की नाल्याचं पाणी नदीत जायचं थांबतं आणि उलटं फिरून आमच्या गल्लीत शिरतं. नदी त्रेचाळीस फुटांवर गेली की गल्लीतल्या लहान पोरालाही कळतं, आता खालचं सामान वर न्यायचं.

आप्पा मात्र पुरात गेले नाहीत. ते फेब्रुवारीतल्या एका लख्ख दुपारी गेले. छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची एक गोळी डॉक्टरांनी त्यांना दिलेली होती, तिचं पाकीट टीव्हीखालच्या खणात असायचं. अव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, खण उघडला तेव्हा पाकीट होतं, गोळी नव्हती. ती औषधाच्या दुकानात जाऊन परत येईपर्यंत बारा मिनिटं गेली. डॉक्टर नंतर मला म्हणाले, गोळी असती तरी नक्की काही सांगता आलं नसतं. मी मान हलवली. तेव्हापासून मी कुठलंही पाकीट उचललं की आधी आतल्या गोळ्या मोजते.

मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. शहराच्या दुसऱ्या टोकाचा माझा कळंब्याचा फ्लॅट बंद करून मी अव्वाजवळ राहायला आले आणि पुराची तयारी अंगावर घेतली. आपत्ती व्यवस्थापनाची माहितीपत्रकं वाचली, परदेशातली सुद्धा. माणशी रोजचं पाणी किती, सहा दिवस वीज नसेल तर काय, शिजवता आलं नाही तर काय. वीस लिटरचे चौदा जार आणले. दोन पोती तांदूळ, तूरडाळ, पोहे, भडंग, शेंगदाण्याची चटणी. शिरोळच्या मावशीनं कडक भाकऱ्यांची चळत पाठवली, त्या तीन महिने टिकतात. दुसरं गॅस सिलिंडर, टॉर्च, सेल, क्लोरीनचे थेंब. औषधांचा एक मोठा डबा केला आणि झाकणाच्या आतून कागद चिकटवला, कुठलं औषध कशासाठी आणि कधी संपतंय.

"एवढ्या मेणबत्त्या?" अव्वा जिन्यात बसून म्हणाली. "दुकान काढायलीस काय?"

"पाणी सहा-सात दिवस राहिलं तर?"

"मग काय रात्रभर जागून वाचत बसायचंय?"

तिचा विरोध एवढाच. बाकी ती माझ्याकडं बघत बसायची.

हे सगळं मी वरच्या पुढच्या खोलीत भरलं. ती खोली माझ्या आठवणीत कायम रिकामी. तीन भिंतींना फळ्यांचे थर ठोकलेले आणि कोपऱ्यात बारदानाच्या घड्या, बस्स. आप्पा तिथं काही ठेवू देत नसत. पुण्याहून परत आले तेव्हा माझ्या पुस्तकांची खोकी ठेवायला मी ती मागितली होती, तर म्हणाले, "तुझ्या पुस्तकांना मी जिन्याखाली जागा करतो." केलीही. एवढी चांगली खोली हा माणूस रिकामी का ठेवतो, हा प्रश्न मला पडला होता. मी तो विचारला मात्र नाही.

जुलैपर्यंत खोलीत जेमतेम पाऊल टाकण्यापुरती वाट उरली. फळ्यांवर डबे, खाली जार, जारांवर पोती. मी रोज एकदा दार उघडून बघत असे.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पाऊस लागला तो हटेना. गुरुवारी सकाळी नदी एक्केचाळीस फुटांवर होती, दुपारी बाराला सव्वाबेचाळीस. महापालिकेची रिक्षा भोंग्यावर सांगत फिरत होती की तळमजल्यावरच्या लोकांनी सुरक्षित जागी जावं. आम्ही दुकानातलं थोडं सामान वरच्या मागच्या खोलीत नेलं, गॅस वर नेला. मी शांत होते. खरं सांगायचं तर मला थोडं समाधानच वाटत होतं.

एवढ्यात पूर्णिमा आली. ती जोतीरामकाकांची सून. जोतीरामकाका गल्लीतले मूर्तिकार, आमच्या घरापासून चौथी शेड त्यांची. पूर्णिमाच्या हाताला कोपरापर्यंत शाडू होता.

"ताई, वर जाऊन येऊ का जरा?"

मला वाटलं, नाल्याचं पाणी बघायचं असेल. आमच्या खिडकीतून नाला चांगला दिसतो. "जा की," म्हटलं.

ती वर गेली आणि लगेच खाली आली. "ऱ्हाऊ दे ताई," म्हणाली. "आम्ही बघतो कायतरी." आणि पावसात निघून गेली.

"ही कशाला आली होती?" मी अव्वाला विचारलं.

अव्वा देव्हाऱ्यातली पितळी भांडी पिशवीत घालत होती. तिचा हात थांबला. "गणपती ठेवायला," ती म्हणाली. "वरची खोली त्यांची असते, पाणी आल्यावर."

"त्यांची म्हणजे?"

"म्हणजे त्यांची. दोन हजार पाचच्या पुरात जोतीरामाचं सगळं गेलं. शाडूचे गणपती, सव्वाशे तरी असतील. पाणी उतरल्यावर बघितलं तर शेडात नुसता गाळ. कुठला गणपती आन् कुठला चिखल, कळंना. तुझ्या आप्पांनी दुसऱ्या महिन्यात सुतार बोलावला, फळ्या मारून घेतल्या. एकोणीसला सगळे वर होते. एकवीसला बी."

एकोणीसला मी पुण्यात अडकले होते, हायवे बंद होता. एकवीसला आले ती पाणी ओसरल्यावर. गणपती वाचले, एवढं फोनवर ऐकलं होतं. पुराच्या गडबडीत जिथं जागा मिळेल तिथं ठेवले असतील, असं मी धरून चालले होते.

"आणि तू मला मे महिन्यात सांगितलं नाहीस? मी तुझ्यासमोर ती खोली भरत होते."

अव्वानं पिशवीची गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. "तू रडली न्हाईस," ती म्हणाली.

"काय?"

"आप्पा गेल्यापासनं. एकदा बी न्हाई. नुसती भरत होतीस. म्हटलं, भरू दे. आन् मला वाटलं, यंदा पाणी यायचं न्हाय."

मी छत्री घेतली आणि जोतीरामकाकांच्या शेडकडं गेले.

शेडात काका विटांचे ठोकळे रचून फळ्या वर उचलत होते. एकेक फळी जमिनीपासून चार फूट तरी गेली असेल. त्यांची बायको शालूबाई मूर्तींच्या डोक्यावर प्लास्टिक बांधत होती. मूर्तींना अजून रंग नव्हता. करडे, ओलसर गणपती, प्रत्येकाच्या बुडाशी दोऱ्यानं बांधलेली, गिऱ्हाइकाच्या नावाची एक चिठ्ठी.

"काका, माझ्याशी बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं?" त्यांनी मान वर केली नाही. "तुमच्या घरात दुःख हाय. आन् दुसऱ्याची खोली मागायची नसतीया. तुझा आप्पा, सोमशेखर, दरसाल आषाढात दारात उभं राहून हाक मारायचा, जोत्या, खोली झाडून घे. यंदा हाक न्हाय आली. म्हटलं, समजून घ्यायचं."

"मला माहीतच नव्हतं."

"ते पूर्णिमा खोली बघून आली तवाच कळलं. तवर मला वाटलं, विसरला असाल, म्हणून शेवटी तिला नुसतं बघायला पाठवली."

"आन् पोरगी येऊन सांगती," शालूबाई म्हणाल्या, "आत्या, तिथं रेशन दुकान उघडलंय."

पूर्णिमा मागं वळून हसली आणि तोंड पुसताना गालाला शाडू लावून घेतला.

"किती आहेत?" मी विचारलं.

"एकशे चौतीस. सगळे घरगुती, सगळ्यांना चिठ्ठ्या लागल्यात. ह्यातला एक बी मोकळा न्हाय." काका आता माझ्याकडं बघत होते. "चार फुटावर थांबलं पाणी तर वाचतील. एकवीसला सहा फूट आलतं."

"पाणी दारात कधी येईल?"

त्यांनी नाल्याच्या दिशेनं नाक उचललं. "चारला. फार तर साडेचार."

सव्वा वाजला होता. "खोली रिकामी करते," मी म्हटलं.

हे तिथं म्हणणं सोपं होतं. घरी येऊन वरच्या खोलीच्या दारात उभी राहिले तेव्हा हात पुढं जाईनात. मागच्या खोलीत आम्हा दोघींना झोपायला आणि दुकानातलं सामान ठेवायलाच जागा पुरत नव्हती. खाली ठेवलं तर पाण्यात जाणार. म्हणजे हे घराबाहेर द्यायचं. चौदा जार, दोन पोती, सिलिंडर. अव्वा सत्तरीची आहे, तिला रक्तदाब आहे. पाणी सहा दिवस राहिलं आणि घरात एखादी गोष्ट नसली तर? मी एका जारावर हात ठेवून तशीच उभी राहिले. एकशे चौतीस घरांचे गणपती एका बाजूला, आणि माझ्या मनात टीव्हीखालचा खण.

समोरच्या घराची गॅलरी आमच्या खिडकीपासून आठ फुटांवर आहे. तिथं बनाबाई उभ्या होत्या. बनाबाई खाणावळ चालवतात आणि त्यांचा आवाज कधीच फक्त समोरच्यापुरता नसतो.

"लीले, काय पूजा करायलीस काय पाण्याची? दे की हिकडं."

"काय देऊ?"

"सगळं दे. पाण्याचे ते जार माझ्या गच्चीवरच्या खोलीत जातील. तांदूळ बी दे, डाळ दे. पाणी आल्यावर सगळ्या गल्लीचं जेवण माझ्याच शेगडीवर असतंय, तुला कुणी सांगितलं न्हाय काय?"

"नाही."

"कोण सांगणार, तू कुणाला विचारतीस काय? येता-जाता नुसती पुस्तक छातीला धरून जातीस." मग जरा खालच्या आवाजात, म्हणजे अर्ध्या गल्लीला ऐकू जाईल इतक्याच: "माझ्याकडं शेगडी असती, मागच्या गुंडूमामाकडं दोऱ्या आन् टायरच्या ट्यूब, कोपऱ्यावरच्या आण्णाकडं कंदील. तुमच्या घरानं जागा द्यायची. वीस वर्षं असंच चालतंय."

"आणि औषधं?"

बनाबाई थांबल्या. "औषधं व्हय? ते कुणाच्या डोक्यातच आलं न्हाय बघ कधी. ते तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे."

मग वेळ कसा गेला ते मला नीट सांगता येणार नाही. जार जिन्यातून हातोहात खाली गेले आणि गल्ली ओलांडून बनाबाईंच्या जिन्यानं वर. बनाबाईंच्या खाणावळीतल्या दोन बायका, शालूबाई, कोपऱ्यावरचे आण्णा, आणि मी. अव्वा जिन्याच्या वळणावर उभी राहून प्रत्येकाला पायरी सांगत होती, जणू आम्ही तो जिना पहिल्यांदाच चढत होतो. पोती पाठीवर गेली. मेणबत्त्यांचा खोका बघून आण्णा म्हणाले, "ह्यात माझं बारसं ते तेरावं, सगळं उरकंल." सिलिंडर सगळ्यात शेवटी गेलं.

फळ्या रिकाम्या झाल्या. औषधांचा डबा तेवढा हातात धरून मी खोलीच्या मधोमध उभी होते.

"तो वरच्या फळीच्या टोकाला ऱ्हाऊ दे की ताई," पूर्णिमा म्हणाली. "एका गणपतीएवढी बी जागा खात न्हाय. मी त्याच्या शेजारी बारका बसवतो."

तिनं बारदान अंथरलं, तिच्या मागून काका पहिली मूर्ती घेऊन आले. मला त्यांनी सांगितलं, "सोंडेला, हाताला धरायचं न्हाय. बुडाखाली हात घालायचा आन् छातीला टेकवायचं. जड हाय, पर आपणहून पडत न्हाय. आपण घाबरलो की पडतो." पहिले दहा मी मोजत आणले. नंतर मोजणं सुटलं. शाडू अजून पुरता वाळला नव्हता, त्याचा थंडपणा ओढणीतून अंगाला लागत होता. पावसाचं पाणी चिठ्ठीवर पडू नये म्हणून शालूबाई प्रत्येक चिठ्ठी मूर्तीच्या मागं खोचून देत होत्या.

पावणेचारला पाणी आलं. आधी गटारातून, मग सरळ रस्त्यानं, काळसर, वर काटक्या आणि थर्माकोल घेऊन. अजून तीसेक मूर्ती शेडात होत्या. त्या आम्ही घोटाभर आणि नंतर पोटरीभर पाण्यातून आणल्या. पाय कुठं पडतोय ते दिसत नव्हतं. आमच्या उंबऱ्याशी मी ठेचाळले. मूर्ती पडली नाही, पण चौकटीला लागून तिचा वरचा उजवा हात मनगटापासून तुटला आणि पाण्यात गेला.

मी तिथंच उभी राहिले. मागून येणारे काका थांबले.

"काय झालं?"

"हात तुटला." आणि मग माझ्या तोंडून ते शब्द निघाले, जे कशाबद्दल होते ते मलाही नंतर कळलं. "माझ्यामुळं झालं. मी बघायला पाहिजे होतं."

काकांनी तुटलेल्या जागेवरून अंगठा फिरवला. "माती हाय ही," ते म्हणाले. "हात लावता येतोय. ओली हाय तवर समदं लावता येतंय. चल, वाट सोड, माझ्या हातात बी एक हाय."

मी जिना चढले. वर मूर्ती फळीवर ठेवली, भिंतीकडं तोंड केलं आणि रडले. बराच वेळ. खाली पाय वाजत होते, पूर्णिमा येत होती, मूर्ती ठेवत होती, जात होती. एकदा तिनं माझ्या खांद्याला धरून मला एक फूट डावीकडं सरकवलं, कारण मी उभी होते ती जागा तिला हवी होती.

साडेचारला शेवटची मूर्ती वर आली. एकशे पंचवीस खोलीत मावल्या. नऊ आमच्या झोपायच्या खोलीत, अव्वाच्या कॉटच्या पायथ्याशी ठेवल्या. अव्वानं त्यांच्याकडं बघितलं. "पाय कुठं करू आता?" म्हणाली, आणि उशी उलट्या बाजूला घेतली.

शेडात पाणी पाच फूट चढलं. विटांवरच्या फळ्या तरंगत गल्लीच्या तोंडाशी येऊन अडकल्या, त्या आम्ही खिडकीतून बघितल्या. काका बघत होते तेव्हा मी त्यांच्या शेजारी होते. त्यांनी खिशातून चुना-तंबाखू काढली, मग खोलीत गणपती आहेत हे आठवून परत ठेवली.

पाणी चार दिवस राहिलं. जोतीरामकाकांचं बिऱ्हाड आमच्याच वरच्या मजल्यावर, म्हणजे जिन्याच्या चौकात आणि मूर्तींच्या मधल्या वाटेवर राहिलं. बनाबाईंच्या गॅलरीतून आमच्या खिडकीपर्यंत दोरी बांधली होती, तिच्यावरून दोन वेळा बादलीत आमटी-भात यायचा. माझाच तांदूळ, पण मी कधी केला नसता इतका चांगला. कडक भाकऱ्या बनाबाईंनी कालवणात बुडवून सगळ्या गल्लीला खायला लावल्या. "दातांचा इमा काढून घ्या आधी," असं त्या सांगत होत्या.

दुसऱ्या दिवशी त्याच बादलीत एक कागद आला. गुंडूमामांची रक्तदाबाची गोळी भिजली होती. डॉक्टरांच्या जुन्या चिठ्ठीवरचं औषधाचं नाव आणि माझ्या डब्यातलं पाकीट मी तीनदा ताडून बघितलं, फोनवर त्यांच्या डॉक्टरांना विचारलं आणि चार गोळ्या कापून बादलीत ठेवल्या. बादली दोरीवरून डुलत निघाली. संध्याकाळपर्यंत मलम गेलं, जुलाबाची पावडर गेली, एका बाळंतिणीसाठी तापाचं औषध डॉक्टरांना विचारून गेलं. पाकिटं अर्धी होत होती. मी रिकाम्या जागा बघत होते आणि मला धडधडत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी पाऊस थांबला. पूर्णिमानं खिडकीशी बसून तुटलेल्या हाताच्या जागी शाडूचा नवा हात घडवून लावला, ओल्या बोळ्यानं सांधा पुसला. मी तिच्या शेजारी वाचत बसले होते, एक ओळ चार वेळा.

"कुणाचा आहे हा?" मी विचारलं.

तिनं चिठ्ठी उलटून वाचली. "हंबीरराव म्हणून आहेत, उत्तरेश्वराकडचे. लई चिकट माणूस. दरसाल भिंग घेतल्यासारखं बघतोय."

"त्यांना कळेल?"

"मी सांगितलं तर कळंल. मी कशाला सांगतो?"

पाणी उतरलं. शेडाच्या भिंती भिजून फुगल्या होत्या, तिथं महिनाभर तरी काही ठेवता येणार नव्हतं. काका दोनदा म्हणाले, कुठंतरी भाड्यानं बघतो. दुसऱ्यांदा म्हणाले तेव्हा अव्वा स्वयंपाकघरातला गाळ ओढत होती. ती खराटा टेकून उभी राहिली. "चतुर्थीपर्यंत हलवायचं न्हाय," म्हणाली. "नऊ गणपतींना मी पाय लागू न देता झोपायला शिकलीय. आता सवय मोडू नगंस."

म्हणून रंगकाम आमच्या वरच्या खोलीत झालं. कॉलेजातून आले की जिन्यातच रंगाचा वास यायचा. एकेका गणपतीला पीतांबर मिळालं, मुकुट मिळाला, आणि शेवटच्या आठवड्यात पूर्णिमानं डोळे आखले. त्या वेळी ती कुणाशी बोलत नसे, बनाबाईसुद्धा गॅलरीतून हळू हाका मारत.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी सकाळपासून माणसं यायला लागली. आप्पा गेल्यापासून दुकानाचं शटर अर्धंच उघडायचं, तेही साफसफाईपुरतं. त्या दिवशी अव्वानं ते पूर्ण वर ढकलायला लावलं आणि आप्पांच्या खुर्चीवर चिठ्ठ्यांची वही घेऊन बसली. मी वरच्या खोलीत, शालूबाई जिन्याच्या वळणावर. अव्वा खालून नाव पुकारायची, मी मूर्ती शोधून द्यायची. सात महिन्यांत तिचा इतका मोठा आवाज मी ऐकला नव्हता.

अकराच्या सुमाराला तो आवाज एकदम थांबला. मी जिन्यातून वाकून बघितलं. पांढरी टोपी घातलेला एक माणूस पाट हातात घेऊन दारात उभा होता. त्यानं भिंतीवरचा आप्पांचा फोटो बघितला होता आणि त्याला पुढं यावं की नाही कळत नव्हतं.

"दुकान बंद हाय वाटतं," तो म्हणाला.

"दुकान बंदच हाय," अव्वा म्हणाली. "गणपती चालू हायत. नाव काय पावणं?"

"हंबीरराव."

जिन्याच्या वळणावर शालूबाईंनी पदर तोंडाला लावला. अव्वानं वहीत बोट फिरवलं, सावकाश, आणि मान वर करून ओरडली, "लीला, हंबीररावांचा आण. आन् ह्यांना आधी चहा दे, बघायला येळ लागतोय म्हणं ह्यांना."